‘फास्टर फेणे’ : बालवाचकांचा नायक आणि प्रौढांचा चित्रपट

प्रस्तावना :
मराठी बालसाहित्यात भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या बनेश ऊर्फ फास्टर फेणे या नायकाचे स्थान अनन्यसाधारण आहे. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा या कथांवर वाढलेल्या पिढ्या प्रौढ झाल्या होत्या. या माध्यमांतराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकलवरून भटकतो आणि गुन्हेगारांचा माग काढतो. या कथा परीकथा नव्हेत. तरीही त्या अद्भुत वाटतात, कारण शाळकरी मुलाला मोठ्यांच्या जगात एकट्याने वावरण्याची मुभा तेथे मिळते. बालवाचकाला ती स्वाभाविक वाटते. तोच वाचक पालक झाला की त्याला ती अशक्य वाटू लागते.

पटकथाकार क्षितिज पटवर्धन यांनी ही अडचण ओळखून बनेशचे वय वाढविले. अमेय वाघ यांनी साकारलेला बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि तेथे ओळख झालेल्या परीक्षार्थ्याच्या मृत्यूचा शोध घेतो. प्रवेशपरीक्षेची धास्ती पुण्याइतकीच नगरच्या सावेडीतील घरांनाही परिचित असल्याने हे कथानक प्रौढ प्रेक्षकाला पटते. गिरीश कुलकर्णी यांच्या खलनायकामुळे संघर्षाला वजन येते. दिलीप प्रभावळकर यांच्या रूपाने भागवतच पडद्यावर अवतरतात, ही योजना जुन्या वाचकाला सुखावणारी आहे.

परंतु हे सुख प्रौढ स्मृतीचे आहे. दूरदर्शनवरील जुन्या मालिकेत सुमीत राघवन या किशोरवयीन अभिनेत्यामुळे नायकाचे कोवळेपण टिकले होते. चित्रपटात मात्र खरे मूल म्हणजे रस्त्यावर वाढलेला भूभू. आणि तो नायकाचा साहाय्यक आहे. मूळ कथांत मध्यभागी असलेले बालपण येथे कडेला सरकते.

निष्कर्ष :
बनेशची चिकाटी, चौकसपणा व अन्यायाविषयीची चीड चित्रपटाने जपली आहे. थरारपट म्हणून तो यशस्वी ठरतो. मात्र एकेकाळच्या मुलांना त्यांचा नायक परत मिळताना आजच्या मुलांच्या वयाचा नायक हरवला. तो भेटविण्यासाठी पालकांना मुलांच्या हाती मूळ पुस्तकेच द्यावी लागतील.