मुखवट्यामागची मुले

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी सायंकाळी, उलव्यातील एका कुटुंबाच्या दिवाणखान्यात आम्ही जवळजवळ तीन तास सुपरहिरोंच्या सहवासात घालविले. निमंत्रण अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचे होते. टेबलाभोवती तो, त्याची धाकटी बहीण, शेजारच्या इमारतीतील दोन मुलगे आणि आम्ही असे पाच जण बसलो. साहित्य म्हणाल तर काही छापील कागद, पेन्सिली आणि सापशिडीच्या डब्यातून काढलेले दोन फासे. पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या आणि मुख्य म्हणजे कोणाच्याही हाती मोबाइल नव्हता.

या खेळाचे नाव ‘मास्क्स : अ न्यू जनरेशन’. ब्रेंडन कॉनवे यांनी तो रचला व मॅगपाय गेम्सने २०१६ साली प्रकाशित केला. आम्हांस तो सर्वस्वी नवा होता. या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ साली अमेरिकेत निघालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. त्यातील भुते व मंत्रतंत्र पाहून तेथील अनेक ख्रिस्ती पालक धास्तावले होते आणि १९८३ साली त्याविरुद्ध एक संघटनाही उभी राहिली होती. आमच्या मनातही थोडी शंका होतीच. म्हणून तर आम्ही स्वतः खेळून पाहावयाचे ठरविले.

एकाने सूत्रधार व्हावयाचे, इतरांनी एकेक पात्र घ्यावयाचे, आणि सर्वांनी मिळून बोलता बोलता कथा रचावयाची, असा हा प्रकार. कोकणातल्या दशावताराशी ज्यांचा परिचय आहे त्यांना तो परका वाटणार नाही. तेथेही आख्यान ठरलेले असते, संवाद मात्र नट रंगमंचावर उभ्याउभ्या रचतो. येथे कथा कोणत्या बाजूस वळेल हे काही प्रसंगी फाशांवर सोपविलेले असते. दोन फाशांची बेरीज करावयाची, त्यात पात्राच्या अंगचा एक आकडा मिळवावयाचा. दहा वा अधिक आल्यास पूर्ण यश, सात ते नऊ आल्यास काही तडजोड करून यश, सहा वा कमी आल्यास अपयश. मात्र अपयशी खेळाडूच्या कागदावर एक खूण होते आणि अशा पाच खुणा जमल्या की ते पात्र काही नवे शिकते. नियम सुटसुटीत आहेत ते असे.

परंतु या खेळाचे वैशिष्ट्य ते आकडे कशाचे आहेत यात आहे. आमच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. पुढच्या पिढीने १९९७ पासून दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ पाहिला. त्या वीरांचे मोजमाप त्यांच्या बळाने होई. येथे बळाला आकडाच नाही. पाच बिरुदे आहेत. आम्ही त्यांची मराठी नावे केली : धोकादायक, जगावेगळा, तारक, वरचढ आणि सामान्य. प्रत्येकाचा आकडा उणे दोन ते अधिक तीन यांच्या दरम्यान असतो. खेळातली सर्व पात्रे किशोरवयीन आहेत, आणि ‘तू असा आहेस’ असे कोणा वजनदार माणसाने म्हटले, व त्या मुलाने ते मानले, की एक बिरुद वर चढते आणि दुसरे खाली येते. प्रौढांच्या शब्दाला हे वजन आरंभापासूनच असते. जखमाही शरीराच्या नाहीत : भय, क्रोध, अपराधभाव, हताशा आणि असुरक्षितता या त्या पाच जखमा. त्या जितक्या अधिक, तितका पुढचा घाव जिव्हारी लागण्याचा संभव अधिक.

पुस्तकातील काल्पनिक अमेरिकन शहर मुलांनी बाजूला सारले व उलवेच निवडले. विमानतळासाठी सपाट केलेली इथली टेकडी रात्रीतून जागी होते आणि आपले दगड परत मागत खारकोपर स्थानकाकडे चालू लागते, अशी त्यांची कल्पना. दहावीतल्या एका मुलाने एका थोर वीराच्या नातवाचे पात्र घेतले होते. ‘‘फादर, तुम्हीच आजोबा व्हा,’’ असे सूत्रधाराने म्हणताच आम्ही उत्साहाने बोललो : ‘‘बाळा, तुझ्या वयात आम्ही कधी डगमगलो नाही. लोकांना वाचविण्यासाठी तुझा जन्म आहे.’’ धीर देण्याचाच आमचा हेतू होता. मुलाने मान डोलावली. नियमानुसार त्याचे ‘तारक’ एकाने चढले आणि ‘सामान्य’ शून्यावरून उणे एकवर आले.

तासाभराने टेकडीशी झुंजताना त्या बहिणीचे पात्र हताश होऊन खाली बसले. नातू तिचे सांत्वन करावयास गेला. या खेळात सांत्वनाच्या वेळी ‘सामान्य’ हाच आकडा मोजला जातो. तारक वा वरचढ असून भागत नाही. फासे पाच व चार पडले, बेरीज नऊ. तोवर त्याच्या कागदावर क्रोधाची खूण झाली होती, आणि रागावलेल्याने सांत्वन करू पाहिल्यास दोन उणे होतात. राहिले सात. त्यातून आमचे एक वजा. सहा. सांत्वन फसले.

आमचे ते वाक्य उच्चारले गेले नसते, तर ती मुलगी त्या पोराचे ऐकती. टेबलावर कोणी काही म्हटले नाही. मुले पुढच्या डावाकडे वळलीही. आम्ही मात्र प्रवचनांतून, प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकाराच्या वर्गांतून, परीक्षेच्या आधी आशीर्वाद देताना, असली किती वाक्ये मुलांच्या पदरात टाकली असतील याची मनोमन मोजदाद करीत बसलो होतो.

गुणांबरोबर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मोठ्यांचे म्हणणे स्वीकारा किंवा झिडकारा, असे दोनच मार्ग हा खेळ पुढे ठेवतो. ‘आजोबा, तुम्हांला नेमके काय म्हणायचे आहे?’ असे विचारण्यास नियमांत स्थान नाही. ते सूत्रधाराने आपल्या शहाणपणाने निर्माण करावे लागते. दुसरे, क्रोधाची खूण पुसण्याचा एक मार्ग म्हणजे कोणास दुखविणे वा काही मोलाचे मोडणे. तरुण मनाचे हे प्रामाणिक वर्णन असेल, पण लहान मुलाला तो उपदेश वाटण्याचा धोका आहे. तिसरे, अपराधभाव घालविण्यासाठी त्याग करावा लागतो, हे आम्हांस आवडले. परंतु ज्याचा अपराध केला त्याने क्षमा केली की नाही, हे त्या नियमात कोठेच विचारलेले नाही. पापनिवेदनाच्या आसनावर बसणाऱ्या माणसाला ही उणीव टोचते. शिवाय पुस्तक इंग्रजीत आहे, आणि सारी भिस्त बोलण्यावर असल्यामुळे बुजऱ्या मुलाची पंचाईत होते. आमच्यातील एक मुलगा पहिला अर्धा तास मुकाच होता.

तोच मुलगा शेवटी तारून गेला. त्याने घेतलेल्या पात्राचे ‘सामान्य’ अधिक दोन होते. कोणाला सुचले नव्हते ते त्याने केले : टेकडीजवळ जाऊन बसला आणि ‘‘तुला कुठे दुखतंय?’’ असे विचारले. फासे बरे पडले. टेकडी थांबली.

म्हणून आम्ही पालकांस सांगू की, घरात तेरा-चौदा वर्षांची मुले असतील तर एखाद्या समंजस तरुणास सूत्रधार करून हा खेळ अवश्य खेळून पाहा. मात्र मुलांना खेळावयास बसवून स्वयंपाकघरात निघून जाऊ नका. एक कागद स्वतः घ्या, आणि शक्य तर आजोबांची भूमिका मागून घ्या.