‘असं कोण म्हणतं?’: येघिशे वाचताना

‘आर्मेनियन म्हणजेच ख्रिश्चन’ हे समीकरण आपण प्रस्तावात एका वाक्यात लिहून मोकळे होतो. माझ्या पहिल्या मसुद्यात मीही तेच केलं होतं. गाईडने समासात एवढंच लिहिलं: ‘असं कोण म्हणतं?’ आज त्या प्रश्नाबद्दल बोलू.

म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज इतिहासकार येघिशेचा. सासानी सम्राट दुसरा यज्दगर्द आर्मेनियावर जरथुश्त्री धर्म लादत होता. त्याविरुद्ध वर्दान मामिकोन्यान इ.स. 451 मध्ये अवरायरला लढला आणि मारला गेला. येघिशेने हा पराभव हौतात्म्य म्हणून सांगितला. त्याच्या लेखी धर्म म्हणजे बदलायचा कपडा नव्हे, तो कातडीच्या रंगासारखा अंगचाच. आर्मेनियन चर्च आजही वर्दान आणि त्याच्या साथीदारांचा सण पाळतं. साहित्य म्हणून ग्रंथ जबरदस्त आहे, यात वाद नाही. पण पुरावा म्हणून?

पहिली अडचण साच्याची. रॉबर्ट थॉमसन यांनी 1982 च्या इंग्रजी भाषांतरात दाखवलं, की या कथनावर बायबल परंपरेतल्या मक्काबींच्या ग्रंथांची दाट छाया आहे. म्हणजे काही प्रसंग ‘घडले तसे’ नसून ‘सांगायची रीत होती तसे’ असू शकतात.

दुसरी अडचण आश्रयाची. ग्रंथ लिहिला तो दावीद मामिकोन्यानच्या विनंतीवरून. मग पडताळणीसाठी आपण गाझार पार्पेत्सीकडे जातो, तर त्याचा आश्रयदाता वाहान मामिकोन्यान! साधनं दोन, घराणं एकच. याला स्वतंत्र दुजोरा म्हणता येत नाही.

तिसरी अडचण वासाकची. स्यूनिकचा हा सरदार पर्शियन बाजूला राहिला, म्हणून येघिशे त्याला धर्मद्रोही ठरवतो. पण वासाक एकटा नव्हता, त्याच्यासोबत इतरही आर्मेनियन सरदार होते. त्यांची बाजू मांडणारा ग्रंथ आपल्या हातात नाही. शिवाय नीना गार्सोयान यांनी दाखवल्याप्रमाणे त्या समाजाची घडणच बरीचशी इराणी होती. चर्चमधल्या विद्वानाला म्हणतात तो ‘वार्दापेत’ हा शब्दसुद्धा मूळ इराणी!

मग येघिशे बाद करायचा का? अजिबात नाही. इ.स. 405 च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्सने लिपी घडवली ती ख्रिस्ती ग्रंथांसाठीच. आर्मेनियन लिखित परंपरा चर्चच्या हातात वाढली, हे खरंच आहे. पण म्हणूनच सावध राहायचं: ज्यांनी लिहिलं, त्यांचंच समीकरण उरलं. 451 मध्ये सगळे आर्मेनियन काय मानत होते, ते येघिशे सांगू शकत नाही. त्यांनी काय मानावं असं त्याला वाटत होतं, ते मात्र तो उत्तम सांगतो.

माझं वाक्य आता असं आहे: ‘येघिशेसारख्या लेखकांनी आर्मेनियन असणं आणि ख्रिश्चन असणं एक करून दाखवलं.’ लांबलं थोडं, पण समासातल्या प्रश्नाला उत्तर देतं. तुमच्या प्रस्तावातलंही असं एक वाक्य शोधा आणि त्याला कर्ता द्या.