पहाटे ३:५६ चा दिवा

कविता फसते, तसं स्मरणही फसतं. त्यामुळे त्याचीही समीक्षा व्हायला हवी. सुरुवात जपानमधल्या कोबेपासून करतो, पण डोळ्यांसमोर आहे ते आमच्या मराठवाड्यातलं किल्लारी.

१७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५:४६ वाजता कोबे हादरलं. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे ‘लुमिनारिए’ सुरू झाला : रस्त्यावर उभ्या केलेल्या रंगीत दिव्यांच्या प्रचंड कमानी. मृतांसाठी प्रार्थना आणि उरलेल्यांना उभारी, असा हेतू. पहिल्या वर्षी त्या उजेडाने शहराला धीर दिला असणार. पण आज त्याचे फोटो पाहताना त्यातलं दुःख शोधावं लागतं. कमान इतकी देखणी, की तिला कुणाच्या मरणाची गरजच उरलेली नाही.

दुसरी रीत त्याच शहरातल्या हिगाशी युएन्ची बागेत दिसते. कापलेल्या बांबूत पाणी, पाण्यावर तरंगणारी मेणबत्ती. असे कंदील ‘१.१७’ या आकड्यांत मांडतात आणि कडाक्याच्या थंडीत लोक ५:४६ ला गप्प उभे राहतात. उजेड फार नाही, पण तो त्या मिनिटाला बांधलेला आहे. उशिरा आलात तर चुकलात. मी या बांबूंच्या बाजूने आहे.

किल्लारीचं मिनिट ३:५६. तारीख ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून दमलेली गावं झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. लातूर-धाराशिव भागात दहा हजारांच्या आसपास माणसं बहुतेक आपल्याच घराखाली गेली. पितृपक्ष तोंडावर होता.

दर वर्षी त्या तारखेला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली होते, पोलिसांची मानवंदना होते. सरकारने यावं, हे योग्यच. पण गणवेशातली मानवंदना शहिदांची भाषा बोलते. झोपेत गेलेली लेकरं कुठल्या लढाईला निघाली नव्हती.

बरं, आपल्याकडे पितरांसाठी दिवा नाही असंही नाही. कार्तिकातला आकाशदिवा आहे. दिवाळीच्या अमावास्येला पितरांना वाट दाखवणारं उल्कादान आहे. गुलमंडीवर घासाघीस करून आकाशकंदील घेतो तेव्हा हे नातं कुणाच्या मनात नसतं, एवढंच.

मग लावा की किल्लारीत कंदील! रीलही झकास होईल, वरून ड्रोन फिरेल. अडचण वेगळी आहे. भूकंपानंतर ५०च्या आसपास गावं उठवून नव्या जागी वसवली. आखीव प्लॉट, रुंद रस्ते, घराघरात अंतर. आकाशदिवा घरावर लागतो, आणि ज्या घरात माणूस गेलं ते घर जुन्या गावठाणात राहिलं. कोबेची माणसं आपल्याच शहराच्या मधोमध जमतात. इथल्या माणसाला ३:५६ ला ठरवावं लागेल : माणसं गेली तिथे दिवा लावायचा, की आपण जगतो तिथे?

मला विचाराल तर जुन्या गावठाणात. पडलेल्या प्रत्येक घरामागे एक, साधा, हातात धरून नेलेला. मंडप नको, निवेदक तर नकोच. आणि आम्हा संभाजीनगरच्या लोकांना निमंत्रणही नको.