रुग्णाचे समाधान आणि रुग्णाचे बरे होणे : कंबरदुखीच्या शस्त्रक्रियाविरहित उपचारांच्या मूल्यमापनाची चिकित्सा

१. प्रस्तावना

कंबर, मान, खांदे, गुडघे यांच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया न करता केले जाणारे उपचार अनेक आहेत. फिजिओथेरपीचे व्यायाम, मशीनचा शेक, ट्रॅक्शन, कमरेचा पट्टा, मालिश, आयुर्वेदातील कटिबस्ती आणि अलीकडे मोठ्या शहरांत दिसू लागलेले कायरोप्रॅक्टिक हे सारे त्यात येतात. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात अमेरिकेत १८९५ साली डी. डी. पामर यांनी केली. या पद्धतीत मणक्यांच्या सांध्यांना हाताने झटका देऊन दुखणे कमी करण्याचा प्रयत्न होतो. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे येथे रुग्ण डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, वैद्य आणि मालिशवाला यांच्यामध्ये फिरत राहतो.

या उपचारांच्या बाजूने एक पुरावा हमखास दिला जातो, तो म्हणजे ‘आमचे रुग्ण समाधानी आहेत’. या पाठात आपण याच पुराव्याची चिकित्सा करणार आहोत. समाधान हे खरे आणि मोलाचे मोजमाप आहे. मात्र ते ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न ‘उपचाराने गुण आला का’ हा नाही.

२. तीन अभ्यास

पहिला अभ्यास १९८९ सालचा आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात चेर्किन आणि मॅकॉर्नॅक यांनी कंबरदुखीच्या रुग्णांना त्यांचे मत विचारले. कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांपैकी ६६ टक्के रुग्ण ‘अतिशय समाधानी’ होते. कुटुंबाच्या डॉक्टरकडे गेलेल्यांमध्ये हे प्रमाण २२ टक्के होते. हा अभ्यास आजही मोठ्या हौसेने सांगितला जातो. पण यात रुग्णांनी उपचारक स्वतः निवडले होते. ज्याच्याकडे विश्वासाने गेलो, त्याच्याबद्दल चांगले बोलणे हा मनुष्यस्वभाव आहे.

दुसरा अभ्यास कॅरी आणि सहकाऱ्यांचा असून तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील दीड हजारांहून अधिक रुग्णांची नव्याने उद्भवलेली कंबरदुखी त्यांनी बरी होईपर्यंत पाहिली. रुग्ण सामान्य डॉक्टरकडे जावो, कायरोप्रॅक्टरकडे जावो की अस्थितज्ज्ञाकडे, पुन्हा कामाला लागायला लागणारा वेळ जवळपास सारखाच निघाला. खर्चात फरक पडला. समाधान मात्र कायरोप्रॅक्टरच्या रुग्णांमध्येच सर्वांत जास्त आढळले.

तिसरा अभ्यास १९९८ सालचा, पुन्हा चेर्किन यांचाच. यात ३२१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी केली. एका गटाला मॅकेंझी पद्धतीचे व्यायाम, दुसऱ्याला कायरोप्रॅक्टिक, तर तिसऱ्याला फक्त एक माहितीपुस्तिका मिळाली. पहिल्या दोन गटांतील सुमारे ७५ टक्के रुग्णांनी उपचाराला ‘फार चांगला’ किंवा ‘उत्कृष्ट’ म्हटले. पुस्तिकेच्या गटात हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. आता फलित पाहा. लक्षणांतील आणि हालचालींतील फरक अगदी थोडा होता. कामावरील रजेचे दिवस आणि दुखणे पुन्हा उद्भवणे यांत फरक आढळला नाही. दोन वर्षांचा खर्च मात्र व्यायामगटात ४३७ डॉलर, कायरोप्रॅक्टिक गटात ४२९ डॉलर आणि पुस्तिकेच्या गटात १५३ डॉलर होता.

हे तिन्ही अभ्यास शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. समाधानात मोठी तफावत आहे, बरे होण्यात नाही. तेव्हा समाधानाचा आकडा दाखवून उपचार परिणामकारक ठरवणे ही तर्काची चूक आहे.

३. समाधान कशातून येते?

याचे उत्तर लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासातून मिळते. त्यातील समाधानाविषयीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. तेथेही कायरोप्रॅक्टिकचे रुग्ण अधिक समाधानी होते. पण दुखणे कशाचे आहे, उपचार काय आहे, घरी काय करायचे हे कोणी किती समजावून सांगितले, याचा हिशेब धरल्यावर दोन गटांतील फरक कमी झाला. म्हणजे समाधानाचा मोठा भाग समजावून सांगण्यातून येतो.

आपल्याकडील ओपीडीचे चित्र डोळ्यांसमोर आणा. रांगेत दोन तास, डॉक्टरसमोर दोन मिनिटे, हातात एक्स-रे आणि गोळ्यांची चिठ्ठी. याउलट फिजिओथेरपीच्या दहा सिटिंगमध्ये तोच माणूस रोज अर्धा तास भेटतो, दुखरी जागा हाताने तपासतो, नाव घेऊन विचारपूस करतो. कटिबस्तीत उडदाच्या पिठाचे आळे कमरेवर करून त्यात कोमट तेल भरतात. तेवढा वेळ रुग्ण निवांत पडून असतो आणि कोणीतरी त्याची काळजी घेत असते. या अनुभवाला रुग्ण चांगले गुण देणारच, आणि ते खोटे नसतात. ते उपचारकाच्या वागणुकीला दिलेले गुण असतात.

४. मराठीतील ‘समाधान’

इंग्रजी प्रश्नावलीचे भाषांतर करताना ‘समाधान’ हा शब्द सहज वापरला जातो. हा शब्द मराठीत निर्दोष नाही. ‘समाधान होणे’ आणि ‘समाधान मानणे’ यांत अंतर आहे. दुसऱ्यात जे मिळाले ते गोड मानून घेण्याचा भाव आहे, आणि आपल्या घरांत तो सद्गुण समजला जातो. साठीच्या बाईंना ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असे विचारले, तर त्या उपचाराबद्दल बोलत आहेत की स्वभावाबद्दल, हे सांगणे कठीण. शिवाय प्रश्न विचारणारा त्याच विभागातला असेल, तर ‘नाही’ म्हणणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटेल.

खरे तर मराठीत याहून नेमके शब्द आहेत. ‘बरे वाटले’ आणि ‘बरा झालो’ हे आपण वेगळे बोलतो. ‘आराम पडला’, ‘उतार पडला’, ‘गुण आला’ यांच्या छटा वेगळ्या आहेत. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ असे म्हणताना तर आपण उपचारापेक्षा उपचारकालाच श्रेय देतो. जे वेगळेपण बोलीत आहे, ते प्रश्नावलीतही आणले पाहिजे.

५. जबलपूर परिसरातून

जबलपूरवर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि आजही शहरात मराठी कुटुंबे आहेत. रुग्णालयात त्यांच्यापुढे येणारा कागद हिंदी असतो. तेथे ‘संतुष्टि’ हा पुस्तकी शब्द भेटतो, जो घरात कोणी बोलत नाही. ‘आराम लगा क्या?’ हा प्रश्न मात्र हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्यांना लगेच कळतो.

शेजारच्या कटनी जिल्ह्यात, जो १९९८ पर्यंत जबलपूरचाच भाग होता, मोहास गावी हनुमानाचे प्रसिद्ध मंदिर आहे. हाड मोडलेले रुग्ण दूरदुरून तेथे येतात, त्यांना जडीबुटी दिली जाते आणि हाड जुळते अशी श्रद्धा आहे. येथे प्रश्न श्रद्धेचा नाही, पुराव्याचा आहे. जाग्यावर असलेले आणि हलू न दिलेले मोडलेले हाड साधारणतः काही आठवड्यांत आपोआप जुळू लागते. त्यामुळे अनेकांना गुण येतो. ज्यांचे हाड वाकडे जुळले ते सहसा सांगायला परत येत नाहीत. मंदिराच्या अंगणात मत विचारले तर समाधान भरपूर मिळेल, कारण असमाधानी माणूस तेथे हजरच नाही.

हाच दोष कोणत्याही दवाखान्यात घडतो. शेवटच्या सिटिंगला भरून घेतलेला अर्ज मधूनच सोडून गेलेल्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यातच बहुतेक साधी कंबरदुखी काही आठवड्यांत आपसूक उतरते. त्या काळात जो उपचार चालू असेल, त्याला श्रेय मिळते.

६. समाधानाचा धोका

रुग्णाला जे आवडते ते त्याच्या हिताचे असेलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत माहिती व समुपदेशन, व्यायाम, मालिश आणि मणक्यावरील हस्तोपचार यांना जागा आहे. पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असे म्हटले आहे. आपल्याकडे याच दोन गोष्टी रुग्ण मागून घेतो आणि मिळाल्या की समाधानी होतो. केवळ समाधानावर विभागाचे मूल्यमापन झाले, तर व्यायाम शिकवणारा मागे पडेल आणि मशीन लावणारा पुढे जाईल.

याहून गंभीर धोका निदानाचा आहे. भारतात पाठीच्या दुखण्यामागे मणक्याचा क्षयरोग असू शकतो. रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप, घटणारे वजन, पायांतील अशक्तपणा, लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे असताना मालिशने चार दिवस बरे वाटले, तर रुग्ण समाधानी राहतो आणि वेळ निघून जाते. अशा रुग्णाने भरलेला उत्तम शेरा ही आपल्या मोजमापाची सर्वांत मोठी हार आहे.

७. मग समाधान मोजावे का?

मोजावे, पण वेगळ्या रकान्यात. केंद्र सरकारच्या ‘मेरा अस्पताल’ या उपक्रमात २०१६ पासून रुग्णांचा अनुभव विचारला जातो, तो योग्यच आहे. वागणूक, प्रतीक्षा, स्वच्छता, समजावून सांगणे या गोष्टींवर रुग्णच खरा साक्षीदार आहे. पुस्तिका मिळालेल्या गटाची नाराजी हेही एक सत्य आहे. नुसता कागद हातात देणे ही अपुरी सेवा होय. समाधानाचे आकडे झटकून टाकणाऱ्या डॉक्टरांनी हे लक्षात घ्यावे.

बरे होणे मोजण्यासाठी मात्र हालचालींचे प्रश्न हवेत. रोलंड-मॉरिस प्रश्नावलीत (१९८३) अशी २४ विधाने आहेत. त्यांचा आशय येथील जीवनाशी जुळवून घ्यावा लागतो. मांडी घालून जेवता येते का? उकिडवे बसता येते का? जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतल्या किंवा व्हेईकल फॅक्टरीतल्या कामगाराला विचारायचे तर पूर्ण पाळीभर उभे राहता येते का? प्रश्न उपचार करणाऱ्याने विचारू नयेत, आणि उपचार सोडून गेलेल्यांनाही फोन करून विचारावेत.

८. सारांश

समाधान ‘माझ्याशी कसे वागले’ हे सांगते, फलित ‘मी काय करू शकतो’ हे सांगते. कायरोप्रॅक्टिक असो वा फिजिओथेरपी, पहिल्याच्या बळावर दुसऱ्याचा दावा करू नये, आणि दुसरे चांगले आहे म्हणून पहिल्याकडे दुर्लक्ष करू नये.

स्वाध्याय

१. ‘रुग्ण समाधानी आहेत, म्हणून उपचार परिणामकारक आहे’ या विधानातील त्रुटी १९९८ च्या अभ्यासाच्या आधारे स्पष्ट करा.
२. तुमच्या विभागातील प्रश्नावलीत कोणते रुग्ण सुटून जातात? त्यांना गाठण्याचा मार्ग सुचवा.
३. ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ वेगवेगळे मोजणारे प्रत्येकी तीन प्रश्न बोलीभाषेत तयार करा.