हाडांचे संप्रेरक : सिद्ध किती, सांगोवांगी किती?

घाटंजी (जि. यवतमाळ) येथील एका विज्ञान शिक्षकांनी आरोग्य पुरवणीतील एक कात्रण आमच्याकडे पाठवून 'हे मुलांना सांगावे काय?' असे विचारले आहे. कात्रणाचा मथितार्थ असा : हाडांतून एक संप्रेरक रक्तात पाझरते, ते चरबी घटवते, स्नायूंना बळ देते आणि मधुमेहाला दूर ठेवते. शेवटी हे संप्रेरक वाढावे म्हणून एक पौष्टिक चूर्ण घेण्याची शिफारस आहे. कात्रण सर्वस्वी खोटे असते तर ते टोपलीत टाकून मोकळे होता आले असते. त्यात खऱ्याखोट्याची सरमिसळ असल्यामुळे ते निवडणे भाग आहे.

खरे आहे तेथून सुरुवात करू. शाळेत हाडाची ओळख बहुधा 'शरीराला आधार देणारी चौकट' अशी होते. कोंबडीचे हाड व्हिनेगरमध्ये ठेवून ते लवचीक होते हे आपण दाखवतो. प्रयोग चांगला आहे, पण तो मेलेल्या हाडाचा आहे. जिवंत हाडात भंजक पेशी जुने हाड विरघळवीत असतात आणि जनक पेशी नवे रचीत असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या दातांवर डाग दिसतात, आणि तेच फ्लोराइड हाडांतही जाऊन बसते. रक्ताशी सतत देवघेव करणाऱ्या ऊतीतच असे घडू शकते.

हाड संप्रेरक तयार करते, हेही निर्विवाद आहे. त्याचा भक्कम पुरावा मात्र कात्रणात नाही. हाडात खोल रुतलेल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचे प्रथिन रक्तात सोडतात. ते मूत्रपिंडापर्यंत पोहोचते आणि जादा फॉस्फेट लघवीवाटे टाकण्याची सूचना देते. २००० साली या प्रथिनाचे जनुक एका आनुवंशिक विकाराच्या अभ्यासातून ओळखले गेले. ते प्रमाणाबाहेर वाढले तर रक्तातील फॉस्फेट घटून मुलांना मुडदूस होतो, आणि त्याला अडविणारे औषध दिले की सुधारणा दिसते. संदेश कोण देतो, कोण घेतो आणि बिघाड झाल्यास काय होते, या तिन्ही गोष्टी येथे माणसात दाखवता आल्या आहेत. संप्रेरक म्हणविणाऱ्या पदार्थाला हीच कसोटी लावावयास हवी.

कात्रणातील संप्रेरक म्हणजे ऑस्टिओकॅल्सिन. अस्थिजनक पेशी ते तयार करतात. त्यातील बराचसा भाग हाडातील खनिजाला चिकटून राहतो, तर काही रक्तात उतरतो. २००७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ऑस्टिओकॅल्सिन नसलेल्या उंदरांत चरबी जास्त, इन्सुलिन कमी आणि रक्तातील साखर चढलेली आढळली. २०१६ मध्ये त्याच गटाने स्नायूंनाही यात गोवले : व्यायामाच्या वेळी स्नायूंनी इंधन नीट वापरावे यासाठी उंदरांना ऑस्टिओकॅल्सिन लागते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कल्पना मोहक होती. कात्रण लिहिणारे येथेच थांबले.

पुढे काय झाले? २०२० साली अमेरिकेतील एका गटाने आणि जपानमधील नागासाकीच्या गटाने आपापल्या प्रयोगशाळांत ऑस्टिओकॅल्सिनविरहित उंदीर नव्याने तयार केले. दोन्हीकडे साखरेचे नियमन बिघडलेले दिसले नाही. नागासाकीच्या उंदरांत स्नायूही नेहमीइतकेच होते. बदल दिसला तो हाडात, खनिजाच्या स्फटिकांच्या मांडणीत. जुने आणि नवे निष्कर्ष जुळत का नाहीत? उंदरांच्या वाणांतील फरक, आहार, जनुक काढण्याच्या पद्धती अशी कारणे मांडली जातात. वाद मिटलेला नाही. परंतु जो परिणाम एका प्रयोगशाळेत ठळक दिसतो आणि दुसऱ्या दोन ठिकाणी दिसत नाही, त्याच्या जोरावर माणसाला चूर्ण घ्यावयास सांगणे योग्य नव्हे.

माणसांतला पुरावा काय सांगतो? मधुमेही व्यक्तींच्या रक्तात ऑस्टिओकॅल्सिन कमी असल्याची निरीक्षणे पुष्कळ आहेत. पण मधुमेहात हाडांची झीज-भर मुळातच मंदावते, आणि ती मंदावली की ऑस्टिओकॅल्सिनही घटते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे केवळ दोन्ही बरोबर आढळल्याने कळत नाही. नेमका सुगावा औषधांतून मिळतो. हाडांची ठिसूळता रोखणारी काही औषधे झीज-भर मंदावतात आणि त्याबरोबर रक्तातील ऑस्टिओकॅल्सिन उतरते. ते खरोखर मधुमेह रोखत असेल, तर ही औषधे घेणाऱ्यांत मधुमेह वाढावयास हवा. २०१३ साली रजोनिवृत्त स्त्रियांवरील अशा तीन मोठ्या चाचण्यांतील नोंदी या प्रश्नासाठी पुन्हा तपासण्यात आल्या. हजारो स्त्रियांच्या या नोंदींत मधुमेहाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

कात्रणात न आलेली बाजू अधिक भक्कम आहे : हाड स्नायूंना काय सांगते याबद्दल वाद असला, तरी स्नायू हाडाला काय सांगतात हे पुष्कळसे स्पष्ट आहे. स्नायू हाडाला ओढतात. तो ताण हाडातील पेशी ओळखतात आणि स्क्लेरोस्टिन नावाचे, हाडाची घडण रोखणारे प्रथिन कमी सोडतात. रोध सुटला की हाड भरू लागते. उलट, अवकाशात शरीराचा भार नाहीसा झाला की अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता दरमहा एक टक्का किंवा त्याहून अधिक घटते. चरबीचे नाते आणखी जवळचे आहे : हाडातील मज्जेत अस्थिजनक पेशी आणि मेदपेशी एकाच प्रकारच्या मूलपेशींपासून तयार होतात.

हा वाद घाटंजीच्या वर्गखोलीशी कसा जोडलेला आहे, हे आता पाहू. 'चरबी घटवा' हा उपदेश लठ्ठ माणसाला उद्देशून असतो, असे आपण धरून चालतो. आपल्या महाराष्ट्रातच या समजुतीला तडा गेला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता आणि मुलांचा पाठपुरावा केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण ही तूट सर्वत्र सारखी नव्हती : स्नायू बरेच कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा वजन-उंची निर्देशांक एकच, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

म्हणजे किडकिडीत दिसणारे मूल चरबीच्या प्रश्नातून सुटलेले असतेच असे नाही. त्याच्याजवळ स्नायू कमी असू शकतात, आणि हाडाला ओढणारे तेच असतात. अशा मुलाला चरबी घटवण्याचे चूर्ण सुचवणे म्हणजे चुकीच्या रोगावर चुकीचे औषध देणे होय. याच पुण्याच्या अभ्यासात गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळे यांसारखे कॅल्शियमयुक्त पदार्थ जास्त वेळा खाणाऱ्या मातांच्या मुलांची हाडे सहाव्या वर्षी अधिक भरीव आढळली. हेही निरीक्षणच आहे, हे विसरू नये. पण ज्या आहाराकडे ते बोट दाखवते तो इतर कारणांसाठीही हितकरच आहे. शाळेपुरते बोलायचे तर पोषण आहारातील डाळ आणि भाजी पातळ होऊ न देणे आणि खेळाचा तास गणिताला न देणे, या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. लंगडी, खो-खो, कबड्डी यांत उड्या आहेत, धाव आहे, ओढाताण आहे; वाढत्या हाडाला हेच हवे असते.

कात्रण वर्गात जरूर न्यावे, मात्र धडा म्हणून नव्हे, उदाहरण म्हणून. मुलांना तीन प्रश्न विचारू द्यावेत : हे कोणात आढळले, उंदरात की माणसात? दुसऱ्या कोणी करून पाहिले काय, आणि त्यांना काय दिसले? शेवटी कोणी काही विकते आहे काय? नववी-दहावीच्या मुलांना हे प्रश्न मुळीच अवघड नाहीत. ऑस्टिओकॅल्सिनचे नाव ती परीक्षेनंतर विसरली तरी चालेल. हे प्रश्न लक्षात राहिले तर पुढच्या कात्रणाच्या वेळी त्यांना कोणाला विचारावे लागणार नाही.