दाद, पाऊस आणि रीतिभूतकाळ

‘नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागायची’ ही म्हण इतकी रुळलेली आहे, की तिच्या वाक्यरचनेकडे अभ्यासकांचेही लक्ष जात नाही. मारले कोणाला? कर्म अध्याहृत आहे. दाद कोणी मागायची? तेथेही कर्त्याची जागा रिकामी आहे. मार खाणारी बाई या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कोठेच नाही; नवरा मात्र आहे, आणि तो पावसाच्या पंगतीला बसलेला आहे. पावसाला हेतू नसतो, म्हणून दोषही नसतो. हिंसेचे असे निसर्गीकरण हेच या म्हणीचे खरे कार्य होय.

कशेडी घाटाच्या अलीकडील पोलादपूर-महाड पट्ट्यात ही म्हण वाचली, की तिचा तोल ढळतो. येथे पाऊस हा केवळ उपमेचा विषय नाही. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली. अशा आपत्तीनंतर पंचनामा होतो, मदत मागता येते; म्हणजे पावसाविरुद्धची दाद शासनव्यवहारात केव्हाच रूढ झाली आहे. उरला तो नवरा. त्याच्याविरुद्ध भारतीय दंड संहितेत 498-अ हे कलम 1983 मध्ये आले आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा अधिनियम 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आला. त्याने शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही हिंसेच्या व्याख्येत घेतला. ज्या मुलखातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला चाकरीसाठी गेले आणि घर मनीऑर्डरीवर चालले, तेथे न पाठवलेल्या पैशाला ‘हिंसा’ हे नाव मिळणे ही मोठीच भाषिक घटना म्हटली पाहिजे.

तथापि, कायद्यालाही स्वतःचे कथनशास्त्र आहे. संरक्षण अधिकाऱ्याच्या घटना-अहवालात तारीख, वेळ, स्थळ आणि हिंसा करणारी व्यक्ती यांचे रकाने आहेत. त्याला ‘मारले’ हवे असते. बायकांच्या बोलण्यात येते ते ‘मारायचा’. रीतिभूतकाळाला तारीख नसते, आणि संसारातील हिंसा बहुधा रीतिभूतकाळातच जगली जाते.

बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (1986) या आत्मकथनाचा पेच येथे उलगडू लागतो. सासुरवाशिणीच्या पायात घातलेला खोडा, कापलेली नाके यांविषयी हे पुस्तक निर्भीडपणे बोलते. मात्र लेखिकेच्या स्वतःच्या संसारातील मार त्यात नाही. तो प्रकट झाला माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत, 2008 च्या इंग्रजी अनुवादासोबत. हे लेखन त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, हेही त्यासंदर्भात ध्यानात घ्यावे लागते. या मौनाला केवळ भीती म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु शीर्षकातले सर्वनाम ‘आमुचं’ आहे. महाडला 1927 मध्ये चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. त्या चळवळीने ज्या ‘आम्ही’ला वाचा दिली, त्याच ‘आम्ही’त स्वतःच्या नवऱ्याचा हात नोंदवायला जागा कमी पडली. सगळ्यांचेच तसे होते, मग वेगळे काय लिहायचे? हा रीतिभूतकाळाचाच तर्क आहे.

याउलट मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (1984) मध्ये ‘मी’ही आहे आणि नवऱ्याचे नावही. तेथे धोका दुसराच : वाचकाची नजर मारावरून मारणाऱ्याच्या कीर्तीकडे सरकण्याचा. (कीर्तिवंत कवीच्या घरातील हिंसा हे त्याच्या चरित्राचे साधन ठरते, अनाम नवऱ्याची तर साधनही ठरत नाही.)

मराठी समीक्षेने दलित स्त्रियांची आत्मकथने साक्ष म्हणून वाचली, ते आवश्यकच होते. पण साक्षीला ती घटनाच मागत राहिली. ज्या पानांवर क्रियापदे ‘-यचा’, ‘-यची’ अशी संपतात, ती पाने तिने पार्श्वभूमी समजून ओलांडली. अहवालातील रकाना आणि समीक्षकाची नजर यांत, या एका बाबतीत तरी, फारसे अंतर दिसत नाही.