थांबलेल्या चाकाचे औचित्य

पियानोच्या डाव्या टोकाकडची एक पट्टी दाबली की सुरामागोमाग बारीक झणझण ऐकू यायची. शेजारच्या पट्ट्या स्वच्छ वाजत, हा एकच सूर मळलेला. ट्यूनरने तारा तपासल्या, हातोड्या तपासल्या. मग ते खाली बसले, मागच्या बाजूच्या एका चाकाला बोट लावून धरले आणि मला तीच पट्टी पुन्हा दाबायला सांगितली. झणझण थांबली. उभ्या पियानोचा ध्वनिफलक पाठीशी असतो. त्याची थरथर साऱ्या लाकडात उतरते, आणि जिथे काही सैल असेल तिथे नेमक्या एखाद्या सुराला साद मिळते. आमच्या पियानोत ती साद चाक देत होते.

ते चाक काढून तळहातावर घेतले, तेव्हा वर्षानुवर्षे पायाशी असलेली ही वस्तू मी पहिल्यांदा नीट पाहिली. पितळेचे, जेमतेम दीड इंच व्यासाचे, एका बाजूने चपटे झालेले. आसाचे भोक झिजून लांबट झाले होते. बदली चाक निवडायचे तर आधी हे जुने चाक वाचायला हवे होते. कवितेतला एखादा शब्द बदलून पाहिला की मूळ शब्द तिथे का होता ते कळते, तसेच काहीसे इथे झाले.

पहिली गोष्ट रचनेची. फिरत्या चाकाचा आस त्याच्या दांडीच्या बरोबर खाली नसतो, थोडा बाजूला सरकलेला असतो. याच अंतरामुळे पियानो ज्या दिशेला ढकलावा त्या दिशेला चाक आपोआप वळते आणि मागून निमूट चालू लागते. या रचनेत मला मोठी सुबकता दिसते. वळण्यासाठी वेगळी कळ नाही, दोरी नाही. केवळ बोटभर अंतराने दिशेचा प्रश्न सुटला आहे. पण त्याला एक किंमत आहे. उलट दिशेला ढकलले की चाकाला अर्धा फेरा घेऊन पलीकडे जावे लागते, आणि त्या क्षणी पियानोला आडवा हिसका बसतो. छोट्या पियानोचे पुढचे पाय नाजूक, शोभेचे असतात. पियानो हलवताना ते मोडतात ते बहुधा अशा आडव्या हिसक्याने. म्हणून पुढच्या चाकांवर भिस्त ठेवून पियानो खोलीभर फिरवायचा नाही.

दुसरी गोष्ट भाराची. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये घराला आणि खिशाला परवडतील असे बुटके पियानो लोकप्रिय झाले. उंची कमी झाली तरी आत बिडाची चौकट आणि २०० हून अधिक तारा राहिल्याच. त्या तारांचा एकत्रित ताण १५ टनांच्या आसपास जातो, पण तो सारा चौकट आपल्या आतच पेलते. चाकांना त्याची खबरही नसते. त्यांच्या वाट्याला येते ते फक्त वजन. आमचा ४० इंची पियानो सुमारे १६० किलोंचा आहे. चार चाकांत ते समान वाटले जाईल असा हिशेब मी आधी केला होता आणि तो चुकीचा होता. चौकट आणि तारा पाठीकडे असल्याने भारही पाठीकडेच झुकतो. शिवाय फरशी कुठेच अगदी सपाट नसते, चारांतले एक चाक बऱ्याचदा जेमतेम टेकलेले असते. पियानो जरा मागे कलला तर सगळे वजन मागच्या दोघांवर येते, म्हणजे प्रत्येकी ८० किलो. मागच्या प्रत्येक चाकाची क्षमता निदान १०० किलोंची हवी, हे उत्तर तिथून आले.

तिसरी गोष्ट जमिनीची. आमच्या दादरच्या घरात जुनी मोझॅकची फरशी आहे. अरुंद पितळी चाक अगदी थोड्या जागेवर सारा भार टाकते, आणि फरशीवर त्याच्या खुणा उमटलेल्या मला दिसत होत्या. मऊ रबराचे चाक त्यावर उपाय वाटते, पण पियानो वर्षानुवर्षे एकाच जागी उभा राहतो. मऊ रबर दबून एका बाजूने चपटे होते आणि फरशीवर डागही सोडते. यांच्या मधले उत्तर म्हणजे टणक रबराची धाव असलेले जोडचाक. एका आसावर दोन चाके, त्यामुळे टेकणारी जागा दुप्पट. आणि वळताना एक चाक दुसऱ्याहून वेगळ्या गतीने फिरू शकते, म्हणून फरशी घासली जात नाही.

चौथी गोष्ट उंचीची, आणि सगळ्यांत जास्त फसवी हीच आहे. मोठे चाक फरशीच्या सांध्यावरून सहज जाते, म्हणून मोठे घेण्याचा मोह होतो. पण मागची चाके उंच झाली की पियानो पुढे कलतो आणि भार नाजूक पायांवर सरकतो. चारही उंच केली तर पट्ट्या वादकाच्या कोपराहून वर जातात आणि पेडल टाचेच्या सवयीतून निसटते. म्हणून मी जुन्या चाकाची फरशीपासून लाकडापर्यंतची उंची मोजली, पत्र्यावरच्या चार स्क्रूंमधले अंतर मोजले, चाक पूर्ण फेरा घेते तेव्हा लागणारी मोकळी जागा मोजली. पुढच्या चाकांना पत्रा नसतो, दांडी असते, म्हणून तिची जाडी आणि लांबीही टिपली.

ही मापे घेऊन नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात गेलो. तिथे ‘ट्रॉली व्हील’ म्हणून मागितले की बेअरिंगची, बोटाच्या टिचकीने गरगर फिरणारी चाके पुढे येतात. त्यांतले एक फिरवून पाहताना मला क्षेमेंद्र आठवला. अकराव्या शतकातल्या या काश्मिरी पंडिताने औचित्य हा काव्याचा प्राण मानला. कंबरेचा दागिना गळ्यात घातला तर दागिना अस्सल असूनही हसू होते, हे त्याचे उदाहरण. हातगाडीला शोभणारी चपळाई पियानोच्या पायाशी अशीच परकी आहे. पियानोचे चाक क्वचितच हलते. पाठीमागचा केर काढायला, पावसाळ्यात भिंतीची ओल लागू नये म्हणून वीतभर पुढे ओढायला. उरलेला सगळा काळ त्याने वजन धरून गप्प उभे राहायचे. मी किंचित जड फिरणारे, आसावर जराही न डुगडुगणारे जोडचाक निवडले.

बसवताना तिघे होतो. पियानो पुढच्या पायांना किंवा पट्ट्यांच्या फळीला धरून नाही, तर तळाच्या चौकटीला धरून उचलला, खाली लाकडी ठोकळे सरकवले आणि ठोकळ्यांवर तो स्थिर झाल्याशिवाय कोणी हात खाली घातला नाही. जुने स्क्रू ज्या भोकांत सैल झाले होते, ती लाकडाच्या काड्या आणि सरस घालून भरली, सरस पुरता वाळू दिला, मगच नवे स्क्रू आवळले.

शेवटी ठोकळे काढले, पियानो भिंतीशी नेला आणि डावीकडची ती पट्टी दाबली. खर्ज सूर उठला, खोलीत पसरला, हळूहळू विरत गेला. त्याच्या पाठोपाठ काहीच आले नाही.